शेवटचं चाक पार होईपर्यंत

आमच्या तालुक्यात रेल्वे नाही. आंबेगावात नाही आणि शेजारच्या जुन्नरातही नाही. आता पुन्हा बोलणं निघालं आहे. मोजणीवाले येतात, बांधावर खुणेचे दगड पुरून जातात, आणि कोणाच्या वावरातून रूळ जाणार यावर चहाच्या टपरीवर लोक हमरीतुमरीवर येतात. मी ऐकते आणि चहा पिऊन उठते. आयुष्याची तीसेक वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढलेली बाई आपल्या शेजारच्या बाकावर बसली आहे, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नसतं. पण रुळाकडेच्या पाट्या वाचायला मला रेल्वेनं शिकवलं नाही. ते मी शिकले पारगावच्या बाहेर, कालव्याकडेच्या आमच्या वस्तीवर. तेव्हा मी रूळ सोडाच, रुळाखालची खडीसुद्धा पाहिली नव्हती.

वस्ती म्हणजे पत्र्याच्या चार खोल्या, पुढं पडवी, शेणानं सारवलेलं अंगण, एका अंगाला गोठा आणि बाकी सगळीकडं ऊस. हिवाळ्यात कारखाना सुरू झाला की त्या घराचा वासच बदलायचा. वारा इकडचा असला की मळीचा आंबूस-गोड वास भाकरीच्या घासापर्यंत यायचा. वाळत घातलेल्या धुण्यावर चिमणीची काजळी बसायची आणि आई ती झटकता झटकता कारखान्याला दोन शब्द सुनवायची. भोंगा झाला की आमची सकाळ होई. नदीकडून धुकं चढायचं आणि कालव्याच्या भरावावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू यायचे. आधी घरघर, मग मागच्या दोन ट्रॉल्यांचा खडखडाट, आणि मग पांढऱ्यातून उसाचा एक हलता डोंगर. त्या धुक्यात मी मैत्रिणींबरोबर शाळेला चालत जायची. आता त्या वाटेनं पोरांना एकटं कुणी सोडत नाही, उसात बिबट्या असतो. आमच्या वेळी उसात फक्त रानडुकरं होती आणि आमच्या मनातली भुतं.

त्या घरात केरूमामा आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मामा आईचे थोरले भाऊ, डिंगोऱ्याचे, कल्याणला मालगाडीचे ड्रायव्हर. मामी कधीच वारलेली, मूलबाळ नाही. डोळे अधू झाले म्हणून रेल्वेनं त्यांना इंजिनावरून उतरवून शेडमध्ये बैठं काम दिलं होतं. ते त्यांनी चार महिन्यांत सोडलं. बहिणीच्या घरी कायमचं राहायला ते कचरत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, फार बोलणारे नव्हते. ते थेट कल्याणला गेले आणि मामांची लोखंडी पेटी उचलून एसटीच्या टपावर टाकली. मामा म्हणाले, “दाजी, लोकं काय म्हंतील?” अण्णा म्हणाले, “घर माझं हाय ना? मग मी बलावतोय.” विषय संपला.

मामांना अगदीच दिसत नव्हतं असं नाही. रंग कळायचे, माणूस कळायचा, पण अक्षर आणि आकडा विरघळून जायचा. इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट समोर दिसेल ते एकमेकांना मोठ्यानं सांगतात. ती सवय त्यांची सुटली नव्हती. पहाटेचा चहा घेऊन ते पडवीत बसत आणि मला आत आवाज देत, “शाले, समोर काय?” मी चुलीपुढून उठून दारात यायची आणि सांगायची, “समोर गोठा, दार उघडं.” “पुढं?” “पुढं धुकं. रस्ता दिसत न्हाई.” “मंग हळू,” मामा म्हणत आणि बशीतला चहा फुंकत. पंधराव्या वर्षी कुणी आपल्याला रोज विचारावं की समोर काय आहे, आणि आपण सांगू ते खरं मानावं, याचं सुख काय असतं ते मला आजही शब्दांत नीट सांगता येणार नाही. मी त्या सकाळींसाठी उठत असे.

पाट्या त्यांनी मला मासवड्यांवरून शिकवल्या. आमच्याकडं पाहुणा आला, सण आला की मासवडी ठरलेली. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा, लसूण भरून आई ओल्या फडक्यावर तिची वळी करायची, दाबून माशासारखा आकार द्यायची आणि सुरीनं वड्या पाडायची. मामांनी एक वडी उचलून तिच्या एका टोकाला खाच पाडली. “ही बघ. पिवळी पाटी, माशाच्या शेपटीवानी. हिच्यावर आकडा नसतो. ही निस्ती सांगती, पुढं कायतरी हाय, खराब पूल समज, आत्तापासून गाडी आवर. मालगाडी म्हंजी काय बैल न्हाई, थांब म्हटलं की थांबायला.” मग एका वडीचा त्रिकोण कापला. “ह्याच्यावर आकडा. वीस म्हंजी वीस. एकवीस न्हाई.” मग भाकरीचा एक गोल तुकडा त्यांनी ताटाच्या पार त्या कडेला ठेवला. “आन् ही गोल. हिच्यावर इंग्रजी टी. हिथं वेगाचा निर्बंध संपला. आता गाडी वढायची.”

मी त्रिकोण आणि गोलाच्या मधोमध बोट ठेवलं. “पण मामा, खराब पूल हितं संपला. मग गोल पाटी एवढी लांब का?”

मामा हसले. रश्शाची वाटी बाजूला करून त्यांनी उरलेल्या वड्या एकामागं एक मांडल्या आणि पहिली वडी पुलापलीकडं सरकवली. “इंजिन पार झालं. मी खूश. पण मागं बघ, निम्मी गाडी अजून पुलावरच हाय. मी आता जोर लावला तर हिसका कुनाला बसंल? म्हनून पाटी पुलाच्या शेवटाला नसती, गाडीच्या लांबीइतकी पुढं असती. प्याशिंजरची अलीकडं, मालगाडीची लई पलीकडं. शेवटचं चाक पार होईस्तवर इंजिनानं खूश व्हायचं न्हाई.”

आई म्हणाली, “आरं दादा, गार झालं ताट,” आणि मामांनी इंजिनासकट सगळी मालगाडी खाऊन टाकली.

त्यानंतर माझ्या डोक्यात एक रूळ पडला तो पडलाच. शाळेच्या वाटेवर मी मनातल्या मनात गाडी चालवायची. बाभळ म्हणजे शेपटीची पाटी, ओढ्यावरची मोरी म्हणजे त्रिकोण, आणि मोरी ओलांडल्यावरही मी मोजून साठ पावलं सावकाश चालायची, कारण माझ्यामागं न दिसणारे साठ डबे असत. मैत्रिणी पुढं निघून जात. धुक्यात त्यांच्या हसण्याचा आवाज यायचा, आणि मी आपली मागच्या डब्यांची वाट बघत.

त्याच हंगामात आमच्या वस्तीपासून थोड्या अंतरावर, वळणापाशी, कालव्याकडेचा भराव खचला. आतून पाणी पाझरत असावं. रस्त्याची कड दोन-अडीच हात आत गेली आणि उरलेला भाग कालव्याकडं कलला. ट्रॅक्टर तिथं हळू होत, पण ट्रॅक्टरची चाकं पार झाली रे झाली की ड्रायव्हर जोर लावायचा आणि मागची भरलेली ट्रॉली त्या खळग्यात अशी डुलायची की उसाच्या मोळ्या कडेनं घसरायच्या. मामांना ते दिसत नव्हतं. त्यांना ते ऐकू येत होतं. एका सकाळी त्यांनी कप खाली ठेवला. “सगळी घाई करत्यात,” ते म्हणाले. “शाले, तेलाचे रिकामे डबे हायती का घरात?”

आम्ही डबे कापून पत्रे केले. अण्णांनी बैलगाडीच्या रंगातला उरलेला पिवळा रंग दिला. मामा हातानं चाचपून आकार सांगत आणि मी रंगवत असे. ट्रॅक्टरवाल्याला आकड्याचा काय उपयोग, म्हणून त्रिकोणावर आम्ही लिहिलं ‘माणसाच्या चालीनं’. गोल पाटीवर मात्र मामांनी हट्टानं टी काढायला लावला. “लोकं हसतील दादा,” आई म्हणाली. “हसू दे. हसायला तरी हळू व्हतील.” गोल पाटीचं माप त्यांनी मला तीनतीनदा सांगितलं. खळगा संपतो तिथून दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरच्या लांबीइतकी पुढं. सगळ्यात लांब गाडीच्या मापानं.

पाट्या लावायला मी एकटी गेले. अण्णा विहिरीच्या मोटारीवर होते आणि मामांचा त्या कललेल्या कडेवर पाय ठरला नसता. पहिल्या दोन पाट्या सहज लागल्या. तिसरीसाठी पावलं मोजली आणि नेमक्या त्या जागी कडक मुरूम लागला. पहार मारली की ठिणगी उडायची आणि मनगटात मुंग्या यायच्या. हाताला फोड आला. दहाबारा पावलं अलीकडं मऊ माती होती. मी इकडंतिकडं पाहिलं, आणि पाटी त्या मऊ मातीत लावली. दहा पावलांनी काय बिघडतं, असं मी स्वतःला म्हटल्याचंही मला आठवतं. घरी आले तेव्हा मामांनी विचारलं, “मापात लावलीस ना?” मी म्हणाले, “व्हय मामा.”

लोक हसले, पण आईला वाटलं होतं तेवढे नाही. शेजारच्या वस्तीवरचा सोपान ट्रॅक्टर चालवायचा. तो पहिल्या दिवशी येऊन म्हणाला, “मामा, टी म्हंजी ट्रॅक्टर व्हय?” मामांनी त्याला अंगणात खडे मांडून सगळं समजावलं. सोपानला ते पटलं, इतकं की तो इतर ड्रायव्हरांना सांगत सुटला. आठदहा दिवस त्या वळणावरचा खडखडाट बदलला. मामा पडवीत बसून ऐकत आणि मान डोलावत. त्यांच्या चेहऱ्यावर मी तसं समाधान आधी पाहिलं नव्हतं, आणि ते पाहून मी पाटीचा विचार करणं सोडून दिलं.

मग एका सकाळी, नऊच्या सुमाराला, धुकं नुकतंच विरलेलं असताना, सोपानची गाडी आली. मागच्या ट्रॉलीत उसावर काशीबाई बसली होती, बीडकडून ऊसतोडीला आलेली, आपल्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर, परत निघालेली, हातात वाढ्याचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा. मी अंगणातून बघत होते. सोपान त्रिकोणापाशी माणसाच्या चालीनं आला, तसाच खळग्यावरून गेला आणि गोल पाटी आली तेव्हा, शिकवल्याप्रमाणे, जोर लावला. मागच्या ट्रॉलीची चाकं अजून खळग्याच्या कडेवर होती. हिसका बसला, जोडाची पिन तुटली, आणि ती ट्रॉली घाई न करता, एखादी म्हैस पाण्यात बसावी तशी कालव्यात आडवी झाली.

अण्णांनी आणि सोपाननं काशीबाईला उसाखालून ओढून काढलं. पाणी कमरेइतकंच होतं म्हणून ती वाचली. पाय मात्र मांडीत मोडला होता. तिचं ओरडणं नंतर सुरू झालं. आधी ती फक्त भारा शोधत होती.

माणसं जमली. सोपान ओरडत होता, “मी पाटी बघूनच वढली! देवाशप्पथ, पाटी बघूनच!” कुणीतरी म्हणालं, “आंधळ्याच्या पाट्या. दुसरं काय व्हनार?” मामा काठी टेकत तिथवर आले होते. ते म्हणाले, “पाटी माझी. माप माझं. सोपानची चूक न्हाई.” मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. मी हातावरचा वाळलेला फोड खरवडत राहिले. लोकांनी तिन्ही पाट्या उपटून कालव्यात फेकल्या.

मंचरच्या दवाखान्यात प्लास्टर घालून काशीबाईला आणलं तेव्हा आई म्हणाली, कोपीत जमिनीवर कशी निजंल ती, आणि तिची बाज आमच्या पडवीत पडली. तिचा नवरा दिवसभर उसाच्या फडात असायचा, संध्याकाळी येऊन बाजेशी बसायचा. तिला भाकरी देणं, पाणी देणं, वेणी घालणं माझ्याकडं आलं. ती बडबडी होती, बसल्या बसल्या शेंगा फोडायची, आईला ठेच्यात मीठ कमी पडतं म्हणून सांगायची. मामा तिच्यापासून लांब, गोठ्याच्या दगडावर बसत. आणि पहाटे कुणी मला आवाज देत नव्हतं. भोंगा व्हायचा, चहा व्हायचा, धुकं यायचं आणि जायचं. समोर काय आहे ते कुणालाच नको होतं.

आठव्या-नवव्या दिवशी मी गोठ्यात गेले आणि मामांना सांगितलं. मुरूम, पहार, मऊ माती, सगळं. ते म्हशीच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

“मला ठावं हाय,” ते म्हणाले. “ट्रॉली पडली त्याच्या दुसऱ्याच दिशी जाऊन पावलं टाकली मी. पाटीचा खड्डा तिथंच व्हता की. बारा पावलं कमी.”

“मग बोलला का न्हाई?”

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी आईलाही कधी सांगितलं नव्हतं. डोळे गेल्याचं रेल्वेला कळायच्या दोन वर्षं आधी ते त्यांना स्वतःला कळलं होतं. तपासणीचा तक्ता त्यांनी पाठ केला. त्यांचा असिस्टंट साळवी नावाचा पोरगेला माणूस; त्याला ते उमगलं, पण तो गप्प राहिला आणि दोघांच्या वाटचं बघू लागला. एका दुपारी साळवी इंजिनात मागं काही तपासायला वाकला होता. मामांना कडेला पिवळा ठिपका दिसला. शेपटीची पाटी होती. त्यांना ती शिट्टी द्यायला सांगणारी पाटी वाटली, तीही पिवळीच असते. त्यांनी शिट्टी दिली आणि गाडी तशीच सोडली. पुढं पुलावर दुरुस्ती चालली होती. शिट्टी ऐकून माणसांनी खाली चिखलात उड्या मारल्या, म्हणून वाचली. चौकशीत साळवी म्हणाला, पाटी मी चुकीची सांगितली. त्याला इंजिनावरून काढलं. “आन् मी गप बसलो, शाले. पुढं माझे डोळे उघडकीला आले, मीबी शेडमधी आलो, आन् नोकरी सोडली तवा मला हार घालून निरोप दिला. त्यो अजून शेडमधी फडकी पिळतोय. त्या दिशी लोकं पाट्या फेकाय लागली, तवा वाटलं, कुनाचं तरी एक वझं आपुन उचलावं. पन तुझं उचलून त्याचं कसं हलकं व्हईल?”

मी तिथून उठून सरळ पडवीत गेले आणि काशीबाईला सांगितलं. ती शेंगा फोडायची थांबली. “मी नशिबाला शिव्या देत व्हते इतके दिवस,” ती म्हणाली. “आन् तू मला पानी पाजीत व्हतीस?” तिनं तोंड भिंतीकडं केलं. दोन दिवस तिनं माझ्या हातचं काही घेतलं नाही. आईनं ताट नेलं तर खायची. आई माझ्याशी बोलत नव्हती. अण्णा मला घेऊन सोपानच्या वस्तीवर गेले आणि दारात उभं राहून म्हणाले, “ही काय सांगती ते ऐक.” सोपाननं ऐकलं. तो रागावला नाही, मटकन ओट्यावर बसला आणि म्हणाला, “म्हंजी मी बराबर व्हतो.” एवढंच दोनदा म्हणाला. त्याला कामावरून घरी बसवलं होतं आणि लोक त्याला दारुड्या म्हणत होते, हे मला तेव्हा कळलं. पाटी मी चुकीच्या जागी लावली होती, हे अण्णांनी दुसऱ्या दिवशी चारचौघांत जाऊन सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काशीबाईनं हाक मारली, “ए पोरी, वेनी कोन घालनार माजी? तुजी आई लई वढती.” मी कंगवा घेऊन गेले. प्लास्टर निघेपर्यंत ती आमच्याकडं होती. पाय थोडा आखूड राहिला. ते तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण जाताना ती अंगणातून लंगडत गेली आणि मी ते पाहिलं. नोकरीत मला पुष्कळ लोकांनी विचारलं, तुम्ही इतक्या ताठ नियमाच्या कशा. मी हसून वेळ मारून नेत असे.

मामांनी कल्याणला जायचं काढलं ते त्यानंतर. एकट्यानं जाणं शक्य नव्हतं म्हणून मी बरोबर. डिंगोरं, मामांचं गाव, आलं तेव्हा एसटी थांबली, चार माणसं चढली, पण मामांनी खिडकीकडं तोंड केलं नाही. माळशेजात ढग बसमध्ये शिरले आणि सगळे आपापल्या जागी पांढरे, पुसट होऊन गेले. घाट उतरताना ड्रायव्हर प्रत्येक वळणावर हॉर्न देत होता आणि मामांचा हात दर वेळी शिट्टी द्यावी तसा किंचित हलत होता.

साळवींनी दार उघडलं. मला वाटलं होतं त्याहून ते तरुण होते. केस मात्र पिकलेले. मामा दारातच बोलू लागले, तर ते म्हणाले, “आधी आत या.” त्यांच्या बायकोनं पोहे केले होते, ते कुणी खाल्ले नाहीत. मामांनी सगळं सांगितलं, माफी मागितली. साळवी जमिनीकडं बघत ऐकत होते. मग ते म्हणाले, “वाईट नाही वाटलं असं म्हणणार नाही. तुम्ही हार घालून निघालात त्या दिवशी मी शेडमध्येच होतो. टाळ्या ऐकल्या.” आणि मग वर बघून, “हे लिहून द्याल?”

साळवींच्या बायकोनं वहीतला कोरा कागद आणि पेन आणून ठेवलं. मामा सांगत गेले आणि मी लिहीत गेले. तक्ता पाठ केला ते लिहिलं. पिवळा ठिपका लिहिला. ‘माझा असिस्टंट निर्दोष आहे’ हे वाक्य मामांनी पुन्हा एकदा सांगितलं. बाहेर कुठून तरी गाडीचा लांबच लांब आवाज येत होता. इतका वेळ की मला वाटलं ती संपणारच नाही. साळवींना इंजिन परत मिळायला पुढं वर्ष लागलं आणि मामांना दोन वेळा साहेबांपुढं उभं राहावं लागलं. पण त्या दुपारी आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. मी सगळं एकदा मोठ्यानं वाचून दाखवलं. मामांनी मान हलवली आणि पेनासाठी हात पुढं केला.

“कुठं करू सही?” त्यांनी विचारलं.

मी त्यांचं बोट धरलं, शेवटच्या ओळीखाली नेऊन टेकवलं आणि म्हणाले, “हितं, मामा.”